सीमा पुसल्या, तिजोऱ्या उरल्या

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील लिड येथून उडालेले एक इंजिनाचे छोटे विमान इंग्लिश खाडी ओलांडून अर्ध्या तासाच्या आत फ्रान्समधील ल तुके येथे उतरते. उड्डाण संपते, पण हौशी वैमानिकाचे एक काम शिल्लक उरते. ब्रिटनमध्ये शुल्क भरून टाकीत घातलेले जे इंधन देशाबाहेर गेले, ते एका अर्थाने निर्यात झाले असे मानले जाते. त्यावरील शुल्क परत मिळावे म्हणून इंधनाच्या पावत्या आणि प्रवासाच्या नोंदी जोडून त्याला सरकारकडे अर्ज करावा लागतो. विषय वरकरणी मूठभर धनिकांचा वाटतो. मात्र या पावतीच्या मागे दडलेला प्रश्न तुमच्या-आमच्या विचाराचा आहे. करातून सूट कोणाला मिळावी आणि ते कोणी ठरवावे?

सर्वसाधारण समजूत अशी, की आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर कर लावताच येत नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो कराराचा त्यासाठी हवाला दिला जातो. भारतही त्या कराराचा स्वाक्षरीकर्ता होता. प्रत्यक्षात कराराचे २४ वे कलम एवढेच सांगते, की विमान जे इंधन टाकीत घेऊन आले आणि टाकीतच घेऊन परत गेले, त्यावर यजमान देशाने सीमाशुल्क घेऊ नये. निघताना तेथेच खरेदी केलेल्या इंधनाविषयी हे कलम मौन पाळते. त्या इंधनावरील सवलत पुढे देशोदेशींच्या द्विपक्षीय करारांतून रूढ झाली.

युरोपीय संघाने २००३ साली ऊर्जाकरासंबंधी एक निर्देश काढला. त्याच्या १४ व्या कलमाने हवाई वाहतुकीचे इंधन करमुक्त केले, मात्र ‘खासगी आनंदासाठीचे उड्डाण’ त्यातून वगळले. त्याच निर्देशातील किमान दर शिसेयुक्त पेट्रोलसाठी हजार लिटरला ४२१ युरो आणि केरोसीनसाठी २०१० पासून ३३० युरो असा आहे. म्हणजे दोनशे लिटर शिसेयुक्त पेट्रोलवर किमान ८४ युरो कर होतो. हौशी वैमानिकाला ही रक्कम किरकोळ नव्हे.

येथपर्यंत नियम न्याय्य वाटतो. मौजेवर कर, सेवेला सूट. पण मौज कोणती आणि काम कोणते? जर्मनीतील एका सॉफ्टवेअर कंपनीचा संचालक कंपनीच्या स्वतःच्या विमानाने ग्राहकांकडे व व्यापारी प्रदर्शनांना जात असे. कंपनीने इंधनकराचा परतावा मागितला. १ डिसेंबर २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की प्रवास धंद्यासाठी असला तरी ही मोबदला घेऊन दिलेली हवाई सेवा नव्हे, सबब सूट नाही. हाच संचालक उद्या परवानाधारक कंपनीचे आलिशान जेट संपूर्ण भाड्याने घेऊन कुटुंबासह सहलीला गेला, तर मात्र ते उड्डाण व्यावसायिक ठरते आणि त्याचे इंधन करमुक्त राहू शकते! कामाला कर आणि चैनीला सूट, असा हा उफराटा न्याय. मोटारीत तेल भरणारा सामान्य युरोपीय नागरिक मात्र प्रत्येक लिटरमागे निमूटपणे कर भरतोच आहे.

आपल्या कौटिल्याने या प्रश्नाचा विचार दोन सहस्रकांपूर्वी केला होता. विवाह, उपनयन, यज्ञ, प्रसूती, देवपूजा यांसाठी नेल्या जाणाऱ्या मालावर ‘अर्थशास्त्रा’त शुल्क नाही. पण खोटे कारण सांगून माल सोडवून नेणाऱ्याला चोराचा दंड आहे. सूट हेतूला होती, परवान्याच्या कागदाला नव्हे. करनीतीचा नैतिक पाया यापेक्षा वेगळा काय असू शकतो?

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. ‘राष्ट्र ही कल्पना आता कालबाह्य झाली, युरोपकडे पाहा, तेथे सीमाच उरल्या नाहीत,’ असा उपदेश आपल्याकडील विद्वान वर्षानुवर्षे करीत आले. तेथे बाजारपेठ एक झाली, अनेक देशांत चलनही एक झाले, हे खरेच. पण करासंबंधीचा निर्णय सर्व सदस्यराष्ट्रांच्या एकमताखेरीज होत नाही. १४ जुलै २०२१ रोजी युरोपीय आयोगाने संघांतर्गत विमानांच्या इंधनावर टप्प्याटप्प्याने कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. सत्तावीस राष्ट्रांच्या एकमताच्या अटीपाशी तो वर्षानुवर्षे अडून राहिला. राष्ट्रे आपली तिजोरी सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नसतात. ब्रिटन तर ३१ जानेवारी २०२० रोजी संघातूनच बाहेर पडला.

याउलट भारतातील राज्यांनी २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने आपले अनेक कर एका सामाईक व्यवस्थेत विलीन केले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. हे घडू शकले, कारण आपले ऐक्य बाजारातील सौद्यावर उभे नाही. तथापि आत्मसंतुष्ट राहण्याचे कारण नाही. पेट्रोल-डिझेलप्रमाणेच विमानाचे इंधनही या व्यवस्थेबाहेर ठेवले गेले, आणि प्रत्येक राज्य त्यावर आपापल्या दराने मूल्यवर्धित कर आकारत राहिले. युरोपला बोट दाखवताना उरलेली तीन बोटे आपल्याकडे वळतात, याचे भान हवे.

राजाने माळ्याप्रमाणे फुले खुडावीत, कोळसे पाडणाऱ्याप्रमाणे झाडच जाळू नये, असा उपदेश महाभारताच्या शांतिपर्वात आहे. त्याला आज एक पुरवणी जोडावी लागेल. माळ्याने सर्वच झाडांची फुले खुडावीत. उंच वाढलेली झाडे हाताला लागत नाहीत म्हणून ती सोडून देऊ नयेत.