राजा कुणाचा, हे विचारू नका

सारोळ्याला नीरेच्या पुलावर उभे राहिले की पलीकडे सातारा जिल्हा आणि पश्चिमेला भोर-वेल्ह्याचा डोंगराळ मुलूख. राजगड आणि तोरणा याच मुलखातले. 1704 साली औरंगजेब स्वतः फौज घेऊन इथे आला आणि दोन्ही गड त्याने घेतले. 1707 साली तो वारला आणि गड पुन्हा मराठ्यांकडे गेले. दगडी तट त्याच्या हाती आले, रयत आली नाही.

फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेलीने 1513 साली ‘प्रिन्स’ लिहिले. मॅकियाव्हेली म्हणजे कपट, एवढेच आपल्या कानावर असते. धाकाने राज्य करावे असे तो सांगतो, हे खरे. पण प्रजेच्या मालमत्तेला हात लावू नका, माणूस बापाचा मृत्यू विसरेल, बुडालेली मिळकत विसरणार नाही, हेही तोच बजावतो. प्रजेने आपला द्वेष न करणे हाच त्याच्या मते सर्वांत भक्कम किल्ला.

हा पुस्तकी उपदेश नव्हे. 1673 साली शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या फौजेला लिहिले, की गवत-दाणा बाजारात विकत घ्या, कुणब्याला लुबाडाल तर लोक म्हणतील याहून मोगल बरे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आरमारासाठीसुद्धा रयतेचा आंबा-फणस जबरदस्तीने तोडायला मनाई आहे.

मग आपण काय करतो? कोणी औरंगजेबाचा हिशेब मागितला की आपण घाईघाईने यादी काढतो: इब्राहिमखान, दौलतखान, सिद्दी हिलाल, काझी हैदर. यादी खरी आहे. पण ती जामिनाच्या कागदासारखी खिशात बाळगावी लागणे हा अपमान आहे. 1665 साली पुरंदरवर चालून आलेल्या मिर्झाराजे जयसिंगाचा हिशेब कोणी कुणाला मागत नाही!

आपल्यातले काही जण याच्या उलट टोकाला जातात. दुसरे शिव्या देतात म्हणून हे औरंगजेबाचे वकीलपत्र घेतात. मित्रहो, 1679 चा जिझिया अन्यायच होता. आणि 1686 मध्ये विजापूर, 1687 मध्ये गोवळकोंडा कुणी बुडवले? तिथल्या तख्तावर मुसलमानच होते. सत्तेने तेव्हा कलमा पाहिला नाही. मग आपण त्या सत्तेशी रक्ताचे नाते का जोडावे?

मार्च 2025 मध्ये खुलताबादच्या कबरीच्या वादातून नागपूर पेटले. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहापायी जिवंत माणसांचे संसार उघड्यावर येतात. एका आरोपीच्या घरावर तेव्हा बुलडोझर चालला. निव्वळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजीच सांगितले होते. आंब्याच्या झाडाला मिळणारे संरक्षण माणसाच्या घराला मागावे लागते!

म्हणून राजा कुणाचा, हे विचारू नका. त्याने कुणाच्या घराला हात लावला, ते विचारा. आणि हाच प्रश्न आपल्या जमातीच्या पंचांनाही विचारा: तोंडी तलाकने घराबाहेर पडलेल्या बाईच्या बाजूने तुम्ही कधी उभे राहिलात का? स्वतःच्या अंगणात ज्याला न्याय मागवत नाही, त्याने दरबारात मागितलेला न्याय कोण ऐकणार?