चेटकिणीच्या हातचा खाऊ

गेल्या महिन्यात दीक्षाभूमीवरून परतून दोनच दिवस झाले होते. गाडीतल्या गर्दीचा शीण अंगातून गेला नव्हता. रात्री साडेअकराला पुतणीचा इंग्लंडहून फोन आला. तिथे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि तिची ड्युटी नुकतीच सुटलेली असते.

“जयभीम काका. मला इथं चेटकीण व्हायला सांगितलंय.”

आमची ही पोर २०२३ साली लँकेशायर परगण्यातल्या एका केअर होममध्ये कामाला गेली. केअर होम म्हणजे वृद्धाश्रमच, पण तिथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना उठवण्या-बसवण्यापासून घास भरवण्यापर्यंत माणूस लागतो. दरसाल ३१ ऑक्टोबरला तिथे हॅलोविन नावाचा सण असतो. सगळ्या कर्मचाऱ्यांनी भुताखेतांचे वेष करायचे, आजी-आजोबांच्या डोक्यावर चेटकिणीच्या टोकदार काळ्या टोप्या घालायच्या आणि फोटो काढायचे, असा बेत ठरला होता. पोरीला ते खटकले. पण तिचा व्हिसा मालकाच्या कागदावर चालतो, त्यामुळे ‘मी करणार नाही’ असे तोंड वर करून सांगायची सोय नाही.

शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी फोन ओढूनच घेतला. “आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. भूतबीत काही करू नकोस गं बाई!”

मी काही भन्ते नव्हे, बीकॉम झालेला कारकून. तरी पोरीने मलाच विचारले म्हटल्यावर हा सण आहे तरी काय, ते समजून घेणे भाग होते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या जुन्या केल्टिक लोकांचा हिवाळ्याच्या तोंडाचा हा सण. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती धर्माने १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस ठरवला आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. आयरिश लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, तेव्हा सणही बरोबर नेला. मायदेशी ते सलगम कोरून दिवे करीत, तिकडे मोठाले लाल भोपळे मिळाले. मुलांनी दारोदार जाऊन खाऊ मागायची आजची तऱ्हा इंग्लंडमध्ये अमेरिकेकडून आली, तीही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत रुळली.

म्हणजे गंमत पाहा. त्या केअर होममधल्या नव्वदीच्या इंग्रज आजीच्या लहानपणी हा सण असा नव्हताच! तिथल्या एका आजोबांनी पोरीला सांगितले की, आमची मजा ५ नोव्हेंबरला. १६०५ साली पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सचा जुन्या कपड्यांचा पुतळा करायचा, तो घेऊन रस्त्यावर पैसे मागायचे आणि रात्री जाळायचा. हे सांगताना आजोबा दहा मिनिटे बोलत होते. एरवी ते ‘चहा’ आणि ‘नको’ यापलीकडे बोलत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचा सण करायचा तर आधी त्यांना विचारावे लागते, हे मॅनेजरला सुचले नव्हते.

प्रतिज्ञांचा प्रश्न मला फार अवघड वाटला नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला देवदेवतांची पूजा आणि श्राद्ध-पिंडदान सोडायला सांगितले. इथे पूजा नाही, पिंड नाही, पोरीचा भुतांवर विश्वास नाही. आणि ती जे काम रोज करते, ते तर तथागतांनी स्वतः केले आहे. अतिसाराने लडबडून पडलेल्या आणि कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. असो.

मला टोचत होती ती टोपी. त्याच लँकेशायरात पेंडल नावाची टेकडी आहे. १६१२ साली तिथल्या गोरगरिबांवर चेटूक केल्याचा खटला भरला आणि दहा जण फासावर गेले. निमित्त काय? एका पोरीने फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत आणि थोड्याच वेळात तो कोसळला. आजच्या डॉक्टरने अर्धांगवायूचा झटका म्हटले असते. आरोपींमधली एक म्हातारी ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी आंधळी. ती खटल्याआधीच लँकेस्टरच्या तुरुंगात मेली. आज हॅलोविनला लोक हौसेने त्या टेकडीवर चढतात.

पण इंग्रजांना नावे ठेवण्याआधी आपले सांगतो. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करायला २०१३ साल उजाडावे लागले, तेही डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. आणि १९८८-८९ च्या सुमारास नायगावच्या आमच्या चाळीत, जिथे घरोघरी बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, तिथे कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी एकटी राहायची. ‘ती करणी करते’ असे बायका म्हणत. तिच्या हातचे काही खायचे नाही, अशी आम्हा पोरांना सक्त ताकीद. माझी आई दर पौर्णिमेला विहारात जाणारी, पण ताकीद देण्यात तीही होती. म्हातारी दारात बसून वाटीत चणे-गूळ घेऊन हाक मारायची. आम्ही नाक दाबून धूम ठोकायचो. नाक का दाबायचो कोण जाणे!

हे सगळे मी पोरीला फोनवर सांगितले. म्हटले, “तू काय घालायचं ते तू ठरव. पण कुणाच्याही डोक्यावर न विचारता टोपी ठेवायची नाही. आणि कोण घाबरतंय, ते बघ.”

पोर हुशार. तिने नकार दिला नाही, यादी करून नेली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला जमिनीवरचे काळे कापड खड्डा वाटू शकते आणि तो पाऊल टाकायला घाबरतो. तेव्हा काळ्या सतरंज्या नकोत. एका आजोबांना या आजारात नसलेले किडे दिसतात, त्यांच्या खोलीजवळ कोळी-जाळी टांगायची नाहीत. गेल्याच आठवड्यात एक आजी वारल्या, त्यामुळे पुठ्ठ्याची थडगी तर मुळीच नकोत. मुलांनी मुखवटे घालायचे नाहीत, कारण कमी ऐकू येणारी माणसे ओठ बघून बोलणे ओळखतात. भोपळे सुरीने कोरण्याऐवजी रंगवायचे, आत मेणबत्तीऐवजी सेलचा दिवा. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना गोळ्या-टॉफी नाही, भोपळ्याचे दाट सूप. मॅनेजरबाईंनी यादी वाचली आणि भिंतीवर चिकटवली. मला वाटले होते त्यापेक्षा बाई बऱ्या निघाल्या.

३१ तारखेला उजेड होता तोवरच, दुपारी, जवळच्या शाळेची मुले आली. आजी-आजोबा आपापल्या खोलीच्या दाराशी खुर्चीत बसले, प्रत्येकाच्या मांडीवर खाऊचे भांडे. रोज ज्यांना दुसऱ्याने भरवायचे, त्यांनी त्या दिवशी वाटायचे. हात थरथरत होते, पोरीने खालून नुसता आधार दिला. एका आजीने प्रत्येक मुलाला दोनदा रांगेत यायला लावले. एक आजोबा दार लावून झोपून राहिले, त्यांना कुणी उठवले नाही. आणि एक्याण्णव वर्षांच्या एका बाईंनी पोरीच्या हातातली टोपी स्वतःच ओढून डोक्यावर चढवली, मुलांकडे बघून असा आवाज काढला की एक पोरगा किंचाळला, आणि हसत हसत खाऊ घ्यायला पुढे आला.

आमची पोर चेटकीण झाली नाही. नारिंगी पंजाबी ड्रेस घालून भोपळा झाली! वहिनींनी फोटो शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला.

त्या रात्री फोनवर तिने शेवटी विचारले, “काका, तुमच्या चाळीतल्या त्या आजीचं नाव काय होतं?”

मला सांगता आले नाही. वहिनींना विचारले, त्यांनाही ठाऊक नाही. आई आता नाही. नायगावच्या जुन्या रहिवाशांपैकी कुणाला ठाऊक असेल, तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवावे. तळमजला, नळाच्या बाजूची शेवटची खोली.