टाळी वाजवून घरी जाऊ नका!

कामगार बांधवांनो,

आचार्य अत्रे शिवाजी पार्कवर बोलणार म्हटलं, की पाळी सुटल्यावर अंगावरचा कापूसही न झटकता आम्ही गिरणीवाले धावत सुटायचो. सरकारचं नाव काढलं की पोटात गोळा यायचा. अत्र्यांनी त्याच सरकारवर आम्हांला पोट धरधरून हसवलं. ज्याला हसलो त्याला भ्यायचं कशाला? ही त्यांच्या वाणीची खरी करामत!

पण नुसत्या टाळ्यांनी राज्य मिळालं नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर आपल्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. १९५७ ला मतपेट्या भरल्या त्या जनतेनं. तेव्हा कुठं १ मे १९६० उजाडला.

म्हणून सांगतो, भाषण ऐका, मनसोक्त हसा; पण सभा उठली की पांघरूण ओढून झोपू नका. चाळीतली चार दारं ठोठवा!