डायरीची मागली पाने

या सदरात मी एरवी राब, खोडकिडा आणि युरियाचा दुसरा हप्ता यांच्या पलीकडे जात नाही. पण पंधरवड्यापूर्वी आपल्याच पनवेल तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "साहेब, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. चालत नाही, बोलत नाही. लावणीला जाते तेव्हा त्याला बांधावर छत्रीखाली बसवते आणि त्याच्यावर गाणी करते. सासूबाई म्हणतात, असले दुःख गाऊ नये. तुम्ही सांगा, गावे की नाही?"

ताई, मी पडलो बी. एस्सी. ॲग्रीवाला. कवितेतला जाणकार नव्हे. पण प्रश्न शेतकऱ्याच्या घरातला आहे, तेव्हा टाळून चालणार नाही.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तुम्हाला ठाऊक आहेतच. जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीतच वैधव्य आले. पदरात तीन मुले. त्यांतल्या ओंकारला प्लेगच्या साथीत कायमचे अपंगत्व आले. शाळेत आपण त्यांच्या कविता तोंडपाठ केल्या, पण ही गोष्ट मला तरी कुणा गुरुजींनी सांगितली नाही. शेत, घर, असा मुलगा, सगळे एकाच बाईच्या अंगावर, आणि गाणी व्हायची ती हात कामात असतानाच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. धाकटे चिरंजीव, कवी सोपानदेव, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले.

आपल्या आज्या-पणज्यांचेही तेच. चारचौघांत बोलायचे नाही ते त्या पहाटे जात्याला सांगत. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. गिरणी आली, पाठीचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. मात्र एकटीने बसून गायची जागाही त्याबरोबर गेली. तुम्ही ती बांधावर शोधलीत.

आता लपवण्याविषयी. पर्ल बक नावाच्या अमेरिकन बाईंनी चीनमधल्या शेतकऱ्यावर 'द गुड अर्थ' ही कादंबरी १९३१ साली लिहिली. त्यांचे यजमान शेतीचे अर्थशास्त्रज्ञ, म्हणजे आमच्याच बिरादरीतले म्हणायचे! कादंबरीतल्या शेतकऱ्याची एक मुलगी बुद्धीने लहानच राहिलेली आहे. तशी लेक बाईंच्या स्वतःच्या घरी होती. पण तिच्याविषयी उघडपणे पुस्तक लिहायला १९५० साल उजाडले. लेक तेव्हा तीस वर्षांची झाली होती.

त्यांना नावे ठेवायचा मला अधिकार नाही. माझा धाकटा मुलगा आज एकोणीस वर्षांचा आहे आणि समज चार वर्षांच्या पोराची. दौऱ्यावर असताना कुणी चहा पुढे करीत विचारायचे, "साहेब, मुले किती?" मी वर्षानुवर्षे सांगत आलो, "एक. मुंबईला नोकरीला आहे."

दोन वर्षांपूर्वी जुन्या डायऱ्या रद्दीत काढत होतो. पुढून माझे लिखाण होते, प्रात्यक्षिकाचे प्लॉट, हेक्टरी उतारा, वगैरे. मागल्या कोऱ्या पानांवर सौ.चे अक्षर दिसले. कविताच होत्या. एकीत मुलगा तिच्याबरोबर तांदूळ निवडायला बसला आहे. सबंध दुपारी त्याने खडा एकही काढला नाही, पण एकेक दाणा उचलून उजेडात धरून पाहिला, आणि तिला वाटले की आपण इतक्या वर्षांत तांदूळ नुसताच निवडला, पाहिला कधी नाही. दुसरी एका शाळेने त्याला परत पाठवले त्या दिवसाची. त्यात शाळेचे नाव नाही, रागही नाही. येताना एस.टी.च्या खिडकीशी तो वाऱ्याला हसत होता, एवढेच. आणि एक माझ्यावर होती. हिशेबात पक्क्या असलेल्या माणसाला दोनपर्यंत मोजता येत नाही, अशा अर्थाची. तिला कसे कळले, ते मी आजवर विचारलेले नाही.

रद्दीवाल्याला त्या दिवशी डायऱ्या दिल्या नाहीत.

तेव्हा ताई, गा. सासूबाईंना वाईट म्हणू नका, त्यांना लोकांच्या तोंडाची धास्ती असेल. पण तुम्ही पत्रात उतरवलेल्या ओळी मला दुःखाच्या वाटल्याच नाहीत. छत्रीवरून गळणारे थेंब पकडणारा मुलगा मला त्यांत दिसला. तुमची परवानगी नाही म्हणून येथे छापत नाही. एक वही करा, तारीख घाला. लिहिणे होत नसेल तर मोबाईलवर आवाज भरून ठेवा. आणि आपली आगरी बोली आहे तशीच राहू द्या, शहरी करायला जाऊ नका. बहिणाबाईंचीही कुणी बदलली नाही. लावणी आटोपली की एखादे गाणे सासूबाईंनाच ऐकवून पाहा.

परवा एका गावात भाताच्या बियाण्याची बैठक होती. चहा आला, पाठोपाठ नेहमीचा प्रश्नही आला.

"दोन," मी म्हटले.

"धाकटा काय करतो?"

"घरी असतो. तांदूळ निवडतो."