काय दिवे लावले!

२०१९ साली, सोमवारी, २९ एप्रिलला, ठाण्यात मतदान होतं. सातला केंद्र उघडायच्या आत रांगेत पहिलं असायचं, हा आईचा जुना शिरस्ता. साडेसहालाच ती इस्त्रीची साडी नेसून, ओळखपत्र हातात घेऊन हॉलमध्ये आली, तर खिडकीवर सोलापुरी चादर टांगलेली आणि मी अन् लेक टीव्हीसमोर मुटकुळं करून बसलेलो.

"लाइट गेलेत का रे?"

लाइट होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या शेवटच्या पर्वाचा तिसरा भाग चालू होता, एवढंच. अमेरिकेत तो रविवारी रात्री नऊला लागला. त्यांची ती काळोखी रात्र आपल्याकडे उतरली ती थेट एप्रिलच्या उन्हात. (ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी पान उलटावं. पुढे सगळं फोडलंय.)

भागाचं नाव ‘द लाँग नाइट’. मेलेल्यांची फौज विंटरफेलच्या किल्ल्यावर चालून येते, आणि ८२ मिनिटं नुसती लढाई. नॉर्दर्न आयर्लंडच्या थंडीत, चिखलात ५५ रात्री जागून हे चित्रित केलं म्हणे. आम्हाला त्यातलं काय दिसलं? चादरीच्या भोकातून आलेला कवडसा, शोकेसमधल्या कपबश्या, आणि काळ्या पडद्यावर आमचीच दोन ताणलेली तोंडं. जगभर हीच बोंब उठली. छायाचित्रणकार फेबियन वॅग्नर यांचं उत्तर असं की लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही. मीही रिमोटशी झटापट केली. काळ्याचं राखाडी झालं आणि त्यात चौकोनी ठिगळं दिसू लागली. इंटरनेटवरून चित्र पाठवताना ते दाबून लहान करतात, आणि काटकसरीची कात्री आधी अंधारावर चालते. तिथे कोण बघतंय, असा हिशोब. इथे तर सगळा भागच अंधारात.

आईने दाराशी उभ्याउभ्याच निकाल दिला, "एवढा पैसा ओतून काय दिवे लावले यांनी?"

एका जागी मात्र लावले. मेलिसांद्रे नावाची चेटकीण येते, काहीतरी पुटपुटते, आणि डोथ्राकी घोडेस्वारांच्या वाकड्या तलवारी एका क्षणात पेट घेतात. हजारो ज्वाळा काळोखात दौडत जातात. आपण किल्ल्यापाशी उभे राहून लांबून पाहतो. मग ठिणग्या विझायला लागतात, एकेक करत, कसलीही आरडाओरड नाही. शत्रू दिसतच नाही. लेकीने माझं मनगट धरलं होतं, ते तेव्हा कळलंसुद्धा नाही. अंधार वापरायचा तर असा.

त्यानंतर नुसता गलबला. ड्रॅगन हिमवादळात, कोण कुणाला चावतंय पत्ता नाही. जोरा गेला, थिऑन गेला. एवढीशी लियाना मॉर्मोंट राक्षसाच्या मुठीत चिरडताना त्याच्या डोळ्यात शस्त्र खुपसून गेली, ते तेवढं स्पष्ट दिसलं. आणि मग आर्या. उडी, एका हातातून सुटलेला खंजीर दुसऱ्या हातात, आणि मेलेल्यांच्या फौजेचा राजा, त्या नाइट किंगचा काचेसारखा चुरा. त्याच्यासरशी सगळी फौज कोसळली. लेक सोफ्यावर नाचली. टाळ्या मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

मतदानाच्या रांगेत पोचेपर्यंत त्या टाळ्यांची हवा गेली होती. २०११ मध्ये पहिल्या भागाच्या पहिल्याच प्रसंगात ज्या थंडीने अंगावर काटा आणला, ती आठ वर्षांनी एका सुरीने संपली? नाइट किंगला म्हणे जगाची आठवणच पुसून टाकायची होती. एवढा मोठा विचार, आणि तो आदल्या भागात आर्याचा भाऊ ब्रॅन याच्या तोंडी दोन वाक्यांत उरकलेला.

"रात्रीची लढाई म्हणजे आपला घटोत्कच की," आई म्हणाली. तिने द्रोणपर्वावरची प्रवचनं भरपूर ऐकली आहेत. तिथेही युद्धाच्या चौदाव्या दिवशी सूर्य मावळला तरी लढाई थांबत नाही. अडचण तीच, दिसत नाही. व्यासांनी ती सोडवली: दुर्योधन पायदळाला शस्त्रं ठेवून दिवे घ्यायला सांगतो. रथावर पाच, हत्तीवर तीन, घोड्यावर एक. कुणालाही टीव्हीची सेटिंग बदलावी लागत नाही! पुढे कर्ण अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती घटोत्कचावर खर्च करून बसतो. पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. मध्यरात्री दोन्हीकडचे सैनिक झोपेने झुलायला लागतात, तेव्हा अर्जुन म्हणतो, चंद्र उगवेपर्यंत झोपा. तिथे प्रत्येक मरणामागे काहीतरी गमावलेलं असतं, जिंकणाऱ्याचंही. आर्याच्या त्या सुरीने काय गमावलं, हे मला रांग संपेपर्यंत सापडलं नाही.

रात्री तोच भाग परत लावला. चादर लागली नाही. चित्र खरंच जरा बरं दिसत होतं, वॅग्नरना तेवढे गुण देतो. बोटाची शाई न्याहाळत आईसुद्धा बसली. डोथ्राकींच्या ज्वाळा विझत गेल्या, शेवटची विझली, तशी ती उठली आणि हॉलमधली ट्यूब लावून आत गेली.