संग्रह विकताना

आमच्या विभागातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ प्राध्यापक गेले, त्याला वर्ष उलटले आणि त्यांचे घर रिकामे करण्याची वेळ आली. दोन कपाटे जुन्या नियतकालिकांनी भरलेली होती : 'सत्यकथे'चे अंक, दिवाळी अंक, साठनंतरची काही अनियतकालिके. न्यू जर्सीहून आलेल्या त्यांच्या मुलाने मला बोलावून घेतले. आपल्या मुलाची बेसबॉल कार्डे त्याने नुकतीच विकली होती. "मोलाची कार्डं ऑनलाइन एकेक करून विकली, उरलेली गठ्ठ्यानं जवळच्या दुकानात दिली. बाबांच्या अंकांचंही तसंच करू या का, सर?" या प्रश्नात निष्ठुरपणा नव्हता. म्हणूनच तो मला टाळता आला नाही.

बेसबॉल कार्ड म्हणजे खेळाडूचे चित्र छापलेला जाड कागदाचा तुकडा. आधी सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे च्युइंगगमबरोबर तो घरोघरी पोचला. 1909 ते 1911 या काळातल्या 'टी 206' या मालिकेतील होनस वॅग्नरचे एक कार्ड 2022 साली 72.5 लाख डॉलरना विकले गेले. उलट 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कार्डे इतकी छापली गेली, की त्या वर्षांतल्या बहुतेक खोक्यांना आज फारशी किंमत येत नाही. विक्रीचे दोन मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. दुकानदाराला पुढे विकून नफा मिळवायचा असतो. म्हणून तो भाव पाडून देतो, पण सारा गठ्ठा त्याच दिवशी उचलतो. ऑनलाइन दाम अधिक मिळतो. मात्र छायाचित्रे, टपालखर्च, दलाली हे सारे आपल्या माथी येते आणि गिऱ्हाईक हवे तेवढेच वेचून घेते. थोडक्यात, संग्रह जितका फोडावा तितका पैसा अधिक.

या व्यवहारात ज्याचे नाव क्वचित घेतले जाते तो माणूस म्हणजे जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजच्या या संधिवातग्रस्त गृहस्थाने कार्डांची पहिली मोठी सूची सिद्ध केली. 'टी 206' हे नावही त्याच्याच वर्गीकरणातले. त्यातला 'टी' विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांचा. आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला आणि स्वतः तिथे बसून ती कार्डे वह्यांत डिंकाने चिकटवली. 1963 च्या जानेवारीत हे काम संपले. त्यानंतर दोनच महिन्यांत तो वारला. मागे डिंक लागलेल्या कार्डाची बाजारात किंमत कोसळते. पण कोणते कार्ड कोणाच्या शेजारी येते हे आज आपल्याला कळते, ते त्या वह्यांमुळे.

'टी 206' निघू लागली त्याच 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा तिथून मोजली जाते. हा योगायोगच. तथापि आपल्या अंकांचाही बाजार आता कार्डांच्या वाटेने निघाला आहे. एखाद्या नामवंताची पहिली कथा असलेला अंक वेगळा काढायचा, बाकीचे रद्दीत किलोवर घालायचे. परंतु सरांच्या कपाटातील मोल सुट्या अंकात नव्हते. एका महिन्यातील परीक्षण, पुढच्या महिन्यातील त्याचा प्रतिवाद, तिसऱ्या महिन्यात संपादकांनी टाकलेला पडदा, आणि या तिन्हींना जोडणारी सरांची पेन्सिलीतली टिपणे. तीन अंक एकत्र असले तर तो वाङ्मयीन वाद असतो; त्यांतला एकच हाती आला तर नुसता नमुना उरतो.

यावर आपल्या वर्तुळातले ठरावीक उत्तर असे, की विकू नका, ग्रंथालयाला द्या. ते मला अप्रामाणिक वाटते. जागा आणि माणसे नसलेल्या ग्रंथालयात दान आलेली पोती वर्षानुवर्षे न उघडता पडून राहतात, हे आपण पाहिले आहे. उलट जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी कितीतरी दुर्मिळ अंक रद्दीतून वाचवले आहेत. विकणे हे पाप नव्हे. पाप असलेच तर ते नोंद न करता विकणे हे आहे. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीवर आपण सारे शोधनिबंध उभे करतो आणि घरातल्या कपाटाची साधी यादी मात्र करत नाही.

आम्ही चार रविवार बसलो. एम.ए.च्या दोन विद्यार्थिनींनी वर्ष, महिना, अनुक्रमणिका अशी नोंद केली, टिपणांची छायाचित्रे घेतली. सुटे दिवाळी अंक मुलाने ऑनलाइन विकले. सलग वर्षांचे संच मात्र न फोडता एका जुन्या विक्रेत्याला दिले. त्यात पैसे कमी आले, हे मी त्याला आधीच सांगितले होते आणि त्याने ते मान्य केले होते. तो विक्रेता उद्या ते फोडणार नाही, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. यादी मात्र विभागात आहे. सरांजवळ कोणते अंक होते, कोणते नव्हते आणि कोणत्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली होती, एवढे तरी पुढच्या अभ्यासकाला कळेल.

ज्यांच्या घरी असे कपाट आहे त्यांनी ते विकावे की राखावे, हा त्यांचा प्रश्न. यादी मात्र आपण हयात असतानाच करावी.