वारं फक्त अंगावरून जात नाही

आमच्या मामांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा सगळ्या गावाचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे होतं. मालिश करणारा लावला, फिजिओथेरपीसाठी दिवसाआड तालुक्याला नेलं. येणारा-जाणारा एकच विचारायचा, "हात हलतो का?" तीन महिन्यांत हात हलला. मामा पुन्हा दुकानाच्या गादीवर बसले, त्या दिवशी मामींनी पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात गिऱ्हाइकं हळू आवाजात सांगू लागली की मामा मोड परत देताना चुकतात. चाळीस वर्षं तोंडी हिशेब केलेला माणूस पाव किलो शेंगदाण्याचे पैसे करायला कागद मागू लागला. माणसांची नावं त्यांना आठवत, जुन्या गोष्टी तर तारीखवार आठवत. पण उधारीची वही उघडून आधी काय करायचं, मग काय, ते सुचत नसे. घरात सगळे म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हटलं, आणि त्याची रुखरुख आजही आहे.

लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात, वारं जाणं, आता पॅरालिसिस. या आजाराला आपण दिलेली सगळी नावं अंगाची आहेत. बुद्धी मंदावली तर तिच्यासाठी निराळा शब्द, म्हातारचळ. पहिल्यावर औषध शोधायचं आणि दुसरा सोसायचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या सुमारे ९० हजार वस्तीत २००२पासून पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला जातो. तिथले निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. मोठा झटका आलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ३४ जणांना वर्षाच्या आत नव्यानं डिमेन्शिया झाला. सौम्य झटक्यानंतर हे प्रमाण ८ होतं, तर काही मिनिटांत किंवा तासांत ओसरणाऱ्या झटक्यानंतर ५. म्हणजे तोंड क्षणभर वाकडं झालं आणि लगेच सरळ झालं, तरी गोष्ट तिथे संपलेली नसते.

असं का होतं, याचं एकच उत्तर नाही. इजा कुठे झाली याला फार महत्त्व आहे. मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमध्ये हरभऱ्याएवढा भाग मेला, तरी लक्ष आणि स्मरण दोन्ही विस्कटू शकतात. दुसरीकडची त्याहून मोठी जखम मेंदू पचवतो. इजा किती वेळा झाली हेही मोजावं लागतं. १९७४मध्ये व्लादिमीर हॅचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की रक्तवाहिन्या कडक होऊन मेंदू सावकाश उपाशी मरतो ही तेव्हाची समजूत बरोबर नाही. लहान-मोठ्या पक्षाघातांची बेरीज होत जाते आणि त्यातून बुद्धी ढासळते. यातले कित्येक पक्षाघात इतके बारीक असतात, की घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

अमेरिकेतल्या जोगिणींच्या अभ्यासानं यात आणखी एक धागा जोडला. एका ख्रिस्ती संघातल्या शेकडो जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचं कबूल केलं. आहार सारखा, दिनक्रम सारखा, त्यामुळे तुलना नेमकी होई. डेव्हिड स्नोडन यांच्या गटाला १९९७मध्ये दिसलं, की अल्झायमरच्या खुणा मेंदूत असूनही काही जणी अखेरपर्यंत शहाण्यासुरत्या होत्या. पण त्याच खुणांच्या जोडीला मेंदूत खोलवर एक-दोन बारीक पक्षाघात झालेले असले, तर डिमेन्शिया कैक पटींनी जास्त आढळला. भिंतीला आधीच ओल धरलेली असते आणि पक्षाघात तिला धक्का देतो.

मामांचा हात सुधारत असताना डोकं मागे पडत होतं, त्याच्याशी मिळतंजुळतं काही स्टॅनफर्डमध्ये मॅरियन बकवॉल्टर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांमध्ये दिसलं. पक्षाघातानंतर आठवड्यानं या उंदरांची स्मरणशक्ती ठीक होती. सातव्या आठवड्यात ती घसरली. मधल्या काळात प्रतिकारशक्तीच्या बी पेशी जखमेत गोळा झाल्या होत्या. त्या पेशी हटवल्या, तेव्हा घसरण टळली. हे २०१५चं काम उंदरांवरचं आहे, त्यावरून माणसाला औषध देता येत नाही. तरी जखम भरली असं वरून दिसत असताना आत काही धुमसत राहू शकतं, हे त्यानं दाखवलं.

मग आपल्या हातात काय आहे? सर्वांत मोठी गोष्ट स्वस्त आहे : रक्तदाबाची गोळी. पक्षाघात होऊन गेलेल्या ६,१०५ जणांवरच्या, २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोग्रेस' चाचणीत रक्तदाब उतरवल्यानं बुद्धीची घसरण सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाली. दुसरा झटका टाळणं म्हणजे बुद्धी राखणं. मामांनी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडली आणि आम्ही सोडू दिली. दीड वर्षानं दुसरा झटका आला. त्यानंतर मामींचं नावही त्यांना शोधावं लागे.

आणखी एक आशादायक गोष्ट आपल्या शेजारची, हैदराबादची आहे. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांची बुद्धी पक्षाघातानंतरही शाबूत होती. एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. आयुष्यभर वापरलेला मेंदू धक्का अधिक सोसतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

माझी मागणी साधी आहे. तीन महिन्यांच्या तपासणीत हात-पाय पाहिले जातात, तशी बुद्धीही पाहिली जावी. आशाताई घरोघरी जो कागद भरतात, त्यात साठीपुढच्यांना जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. तो असावाच, पण पक्षाघातानंतर अनेकदा आधी नावं जात नाहीत, आधी कामाचा क्रम आणि विचारांचा वेग जातो. घड्याळ काढायला लावणारी चाचणी कधी पेन्सिल न धरलेल्या आजीला लावून उपयोग नाही. तिच्या सुनेला विचारावं : आधी जमत होतं आणि आता जमत नाही, असं काय आहे? उत्तर मिळालं, की पक्षाघातानंतर अनेकांना येणारं नैराश्य आहे का, हेही बघावं, कारण ते उपचारानं हटतं आणि बुद्धीवरचं मळभही त्याच्याबरोबर कमी होऊ शकतं.

आता मी कुणा आजाऱ्याला भेटायला गेलो की हाताची चौकशी करतोच. मग घरच्या माणसाला बाजूला घेऊन विचारतो, "मोड बरोबर देतात का? आणि गोळी चालू आहे ना?"